समुपदेशकाच्या खोलीत घरचे संस्कार किती येतात?

गच्चीवरची

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करतेय. त्याआधी बरीच वर्षं बँकेत होते. आता आठवड्यातले काही दिवस वर्ग आणि बाकीचे दिवस एक शाळा आणि एका वस्तीतलं केंद्र इथे प्रत्यक्ष काम.

पहिल्या सत्रापासून आम्हाला कानीकपाळी ओरडून सांगतात, की आपली मूल्यं बाहेर ठेवून खोलीत जायचं. चपला दाराबाहेर काढाव्यात तशी. मला हे पटत नाही. चपला काढता येतात, कारण त्या पायात आहेत हे ठाऊक असतं. मी गिरगावात चाळीत वाढले. दारं दिवसभर उघडी, कुणाचं काही खासगी असं नव्हतंच, पण घरातलं बाहेर सांगायचं नाही हा नियम पक्का. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर बघायचं नाही, विषय बदलायचा. यातलं काय काय मी सोबत घेऊन बसते, ते दुसऱ्या कुणी दाखवल्याशिवाय मला कळत नाही.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे तिघातिघांचे गट करून सराव असतो. एक समुपदेशक, एक प्रश्न घेऊन आलेली, एक नुसती बघणारी. त्या दिवशी मी बघणारी होते. समोरची मुलगी वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगत होती. बोलता बोलता तिचा आवाज जड झाला, आणि त्याच क्षणी समुपदेशक झालेल्या माझ्या मैत्रिणीने बाटलीचं झाकण फिरवलं, "घे, आधी पाणी पी" म्हणून बाटली पुढे केली. मुलगी पाणी प्यायली, डोळे पुसले, आणि "हां, तर ऑफिसमध्ये ना..." म्हणून भलतीकडेच गेली. वडील राहून गेले ते गेलेच. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "पाणी कुणाला हवं होतं?" मैत्रीण म्हणाली, आमच्या घरी कुणी रडायला लागलं की आजी आधी पाणी द्यायची. रडणं थांबलं की झालं.

म्हणजे संस्कार मत बनून येत नाहीत. मतं असली तर ती आवरता येतात. ते हाताच्या हालचालीत येतात.

तर या क्षेत्रातल्यांना प्रश्न: तुमच्या घरातलं काय तुमच्या कामात उतरलंय, आणि त्याचं तुम्ही काय करता? जे समुपदेशकाकडे जाऊन आलेत त्यांना: समोरच्याचं घर तुम्हाला जाणवलं का? आणि ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं त्यांनीही लिहा, वाचायला आवडेल.

स्लोलोकल

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

तिसरीघंटा

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्दा पटला नाही. दाताच्या डॉक्टरच्या घरी काय संस्कार होते हे आपण विचारतो का? त्याला दात काढता येतो की नाही एवढं बघतो. समुपदेशनातही तंत्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत घ्या. विचार पकडा, तो अविवेकी आहे का तपासा, त्याच्या जागी विवेकी विचार आणा. कि. मो. फडके यांनी मुंबईत आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात ही पद्धत मराठी माणसाच्या ओळखीची केली. यात समुपदेशकाची आजी कुठे येते?

आणि पाणी देणं ही माणुसकी आहे. त्याचंही विच्छेदन करायचं म्हणजे अती झालं.

चिंचगूळ

@तिसरीघंटा, दात कुणाचाही सारखाच किडतो. संसार नाही किडत सारखा.

अबोली

मी या कामात बरीच वर्षं आहे, मुख्यतः जोडपी आणि कुटुंबं. गच्चीवरची, तुम्ही हालचालीचं लिहिलंत ते नेमकं आहे. मी त्यात एक जोडते: संस्कार पुढच्या प्रश्नात असतात.

समजा एक बाई येऊन म्हणाली, "मी परवा घर सोडून माहेरी आले." आता समुपदेशक काय विचारेल? एक विचारेल, "मुलं कुणाकडे आहेत?" दुसरा म्हणेल, "मारहाण झाली का?" तिसऱ्याला आधी "नोकरी करता का?" हे हवं असतं. चौथी म्हणेल, "आणि आईबाबा काय म्हणाले?" एकही प्रश्न चुकीचा नाही, एकातही उपदेश नाही. पण ज्याच्या घरी आई म्हणजे आधी मुलांची आई असते, त्याच्या तोंडून पहिला प्रश्न येतो. ज्याने घरात मार बघितलाय त्याच्या तोंडून दुसरा. आणि त्या बाईची पुढची पाऊण तासाची गोष्ट त्या एका प्रश्नावरून वळते. पहिल्या खोलीत ती मुलं टाकून आलेली बाई ठरते, तिसऱ्या खोलीत स्वतःच्या पायावर उभी राहू शकणारी किंवा न शकणारी. बाई एकच.

@तिसरीघंटा, विवेकनिष्ठ पद्धत मीही वापरते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण कुठला विचार अविवेकी म्हणून पकडायचा हे कोण ठरवतं? "आईवडिलांना म्हातारपणी सोबत ठेवलंच पाहिजे" हे वाक्य तुमच्यासमोर आलं तर तुम्ही त्यातला "च" खोडाल का? काही जण लगेच खोडतील. काहींना तो "च" दिसणारही नाही, कारण तो त्यांच्याही घरात होता.

तिसरीघंटा

हे उदाहरण चांगलं दिलंत. विचार करतो.

बोरकूट

+१ अबोलीताई. "च" वर माझे सासरे सासूबाईंशी रोज भांडतात, त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवते.

चिंचगूळ

मी समुपदेशकाकडे जाऊन आलेली. लग्नानंतर काही वर्षांनी घरात फार ताण होता तेव्हा उपनगरातल्या एका बाईंकडे गेले. वागायला अतिशय प्रेमळ. मला त्यांनी कधीही "परत जा" म्हटलं नाही. पण दर वेळी उठताना गृहपाठ असायचा: या आठवड्यात नवऱ्याने केलेल्या दोन चांगल्या गोष्टी लिहून आणा. मी वही घेतली, लिहून न्यायचे. त्याने बिल भरलं. त्याने गॅसचा नंबर लावला. तो माझ्याशी बोललाच नाही या गोष्टीसाठी त्या वहीत जागाच नव्हती.

मला वहीचा राग नाही, जागा नव्हती त्याचा आहे. माझ्या आईनेही अगदी हेच सांगितलं असतं. आईकडे मला जायचं नव्हतं म्हणून तर पैसे देऊन दुसरीकडे गेले होते.

नंतर ज्यांच्याकडे गेले त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "माझा कल संसार मोडण्याकडेही नाही आणि टिकवण्याकडेही नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या घरात एक घटस्फोट झालाय आणि तो सगळ्यांच्या भल्याचा ठरला. मी त्या बाजूला ओढतेय असं वाटलं तर मला थांबवा." मला ते ऐकून केवढा मोकळेपणा वाटला! त्यांना थांबवायची वेळ कधी आली नाही, पण थांबवता येईल हे माहीत होतं.

कोकणकन्या

@चिंचगूळ, त्या दुसऱ्या बाईंचं वाक्य लिहून ठेवलं.

पण मला उलटी बाजू मांडायची आहे. आपण सगळे जुन्या वळणाच्या समुपदेशकांबद्दलच बोलतोय. पुरोगामी घरातही संस्कारच होतात ना? माझ्या आईला बाबा गेल्यावर झोप लागेना, छातीत धडधड. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून समुपदेशनाला पाठवलं. तिथली मुलगी हुशार, पण तिच्या घरी देव नव्हते, हे आईला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. आई म्हणाली, "गावाक गाऱ्हाणा घालूचा रवला म्हणान ह्या सगळा झाला." गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवासमोर मोठ्याने म्हणायचं मागणं. मुलीने मान डोलावली आणि झोपेच्या वेळा विचारल्या. आई मला घरी येऊन म्हणाली, बरी आहे गो पोर, पण तिका काय सांगूचा?

काही महिन्यांनी दुसऱ्या एकीने विचारलं, "गाऱ्हाण्यात तुम्ही काय म्हणणार होतात?" आणि आईने ते अख्खं म्हणून दाखवलं. बाबांसाठी काय मागायचं राहिलं ते सगळं त्यात होतं. ही दुसरीही नास्तिकच होती, तिने मला नंतर सांगितलं. तर मुद्दा आस्तिक-नास्तिकाचा नाही, कुतूहलाचा आहे.

वहीचे_पान

मी हे इथे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. लिहितो.

ऑफिसात माझ्या आडनावावरून जे चालायचं त्याने मी खचलो होतो. कंपनीनेच दिलेल्या समुपदेशकाशी बोललो. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या घरी जात कधी मानलीच नाही, त्यामुळे मला विचाराल तर हे तुमच्या मनावर जास्त घेतल्यामुळे होतंय." वाईट हेतू नव्हता. ज्या घरात जात हा शब्द उच्चारायची गरजच कधी पडली नाही, तिथे वाढलेल्या माणसाला ती ऐकूच येत नाही. माझ्या घरी शाळेत जाण्याआधीच आईने सांगितलं होतं, कुणी आडनाव विचारलं तर खोटं सांगायचं नाही आणि मान खाली घालायची नाही.

गच्चीवरची, तुमच्या अभ्यासक्रमात हे शिकवतात का? मूल्यं बाहेर ठेवा म्हणणारा माणूस हे बाहेर ठेवू शकत नाही, कारण त्याच्या मते त्याच्याकडे बाहेर ठेवण्यासारखं काही नाहीच.

गच्चीवरची

@वहीचे_पान, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. एका सत्रात जात आणि वर्ग हा घटक आहे, पण तो समोरच्याची माहिती म्हणून शिकवला जातो. समुपदेशकाची स्वतःची जात खोलीत काय करते यावर वर्गात बोलणं झालेलं नाही. मी हा मुद्दा पुढच्या चर्चेत मांडणार आहे, तुमचा संदर्भ न देता.

दादरपूर्व

वहीचे_पान, तुमचा प्रतिसाद वाचून मीही लिहितो.

मी समलिंगी आहे. कॉलेजात असताना आईबाबा मला एका प्रसिद्ध समुपदेशकाकडे घेऊन गेले. त्यांनी सौम्यपणे विचारलं, मैदानी खेळ खेळतोस का, मुलींशी मैत्री आहे का, बाबांशी जवळीक कमी होती का. मग आईबाबांना सांगितलं की या विषयात मी काम करत नाही, दुसरीकडे जा. तेव्हा आईला हायसं वाटलं आणि मला कळलं की माझ्यासारख्याला खोलीत बसवायचीही यांची तयारी नाही.

आता कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय, की माणूस आपल्या समाजातल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाबद्दलचा निकाल दिला, संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण कलम वाचून कुणाच्या चेहऱ्यावरची रेष बदलत नाही.

तिसरीघंटा

@दादरपूर्व, तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. पण एक प्रामाणिक प्रश्न. ज्याला आतून जमत नाही त्याने "मी हे काम करत नाही" म्हणून दुसऱ्याकडे पाठवणं जास्त सचोटीचं नाही का? मनात एक आणि तोंडावर एक असा माणूस समोर बसण्यापेक्षा?

दादरपूर्व

तज्ज्ञता नाही म्हणून पाठवणं वेगळं. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की याविषयी माझा अभ्यास कमी आहे, ही दोन नावं घ्या, तर मी आनंदाने गेलो असतो. मला नावं नाही मिळाली. दार मिळालं.

अबोली

यावर अमेरिकेत मोठा वाद झाला, अगदी कोर्टापर्यंत गेला. समलिंगी व्यक्तीचं नात्याबद्दलचं समुपदेशन करायला धार्मिक कारणाने नकार देणाऱ्या विद्यार्थिनीला विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढलं, ते प्रकरण गाजलं होतं. त्यानंतर अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत स्पष्ट आलं, की केवळ स्वतःच्या मूल्यांपायी येणाऱ्याला दुसरीकडे पाठवायचं नाही. कौशल्य कमी असेल तर पाठवा, आणि ते कौशल्य मिळवा.

मला हा नियम कडक पण योग्य वाटतो. मुंबईत निदान चार दारं आहेत. तालुक्याच्या गावी एकच समुपदेशक असेल आणि त्याने पाठवून दिलं, तर मुलगा जाणार कुठे?

आपल्याकडे मात्र तपासणार कोण हा प्रश्न आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, १९९२ च्या कायद्याने. इतर समुपदेशकांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आलाय, त्याची घडी अजून बसतेय. तोवर सगळी भिस्त माणसाच्या सचोटीवर आणि सुपरव्हिजनवर, म्हणजे आपलं काम अनुभवी समुपदेशकासमोर ठेवून तपासून घेण्यावर.

स्लोलोकल

उशीर झाला, क्षमस्व. माझा प्रश्न पालक म्हणून आहे.

मुलगी नववीत. शाळेत समुपदेशक आहेत, मुलगी त्यांच्याकडे जाते हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. मी शाळेत गेलो, नम्रपणे विचारलं की काय चाललंय. त्या म्हणाल्या, तिने परवानगी दिली तर सांगेन. मला हे रुचलं नाही. आमच्या घरात मुलांचं आईबापांपासून लपवण्यासारखं काही नसतं. मी वडिलांना पहिली सिगारेटही सांगितली होती. बाहेरच्या व्यक्तीने माझ्या मुलीचं गुपित माझ्यापासून राखायचं, हे कुठले संस्कार? आणि ते माझ्या घरावर का?

गच्चीवरची, तुम्ही शाळेत आहात. तुम्ही काय केलं असतं?

गच्चीवरची

@स्लोलोकल, मीही तेच सांगितलं असतं. पण सोपं गेलं नसतं, कारण चाळीत वाढल्यामुळे मनाने मी तुमच्याच बाजूला आहे. बाप दारात उभा आहे आणि त्याला सांगायचं नाही, हे माझ्या अंगात नाही. म्हणूनच मला नियम लागतो. तिच्या जिवाला धोका असेल, ती कुणाला इजा करणार असेल, तर तुम्हाला कळवलं जाईल, आणि हे मुलीला पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्तता नाही. बाकी मैत्रिणी, मार्क, आवडणारा मुलगा, शरीराची लाज, हे तिचं आहे.

तुम्ही वडिलांना सिगारेट सांगू शकलात, कारण ते ऐकणारे होते. ती तुम्हाला सांगेल की नाही हे तुमच्यावर आहे, बाईंवर नाही. रागावू नका.

स्लोलोकल

रागावलो नाही. पण शेवटचं वाक्य लागलं. घरी बोलतो.

आजोबा_डोंबिवली

अवांतर: सल्ला देणाऱ्याचं घर हा विषय निघाला म्हणून र. धों. कर्वे आठवले. वडील महर्षी कर्वे, विधवेशी विवाह केलेले, स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेले. मुलाने मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. बिचकत नसत, दचकत नसत, विचारणाऱ्याला पापी ठरवत नसत. घराने त्यांना लोकनिंदेला न भिण्याचं बळ दिलं, पण ते गेले वडिलांच्याही पलीकडे. घरातून काय घ्यायचं आणि कुठे पुढे निघायचं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण हेच.

बोरकूट

आजोबा, हे अवांतर नाहीच, मुद्द्याला धरून आहे.

माझं खरंखुरं अवांतर: फी. माझी जाऊ समुपदेशक आहे. काळाचौकीच्या चाळीत वाढली, तिथे कुणाच्या अडचणीला धावून जाण्याचे पैसे घेणं म्हणजे पाप. ती आजही फीचा आकडा तोंडाने सांगत नाही, कागदावर छापून भिंतीला लावलाय. मुंबईत जागेचं भाडं भरून हजाराच्या खाली परवडत नाही हे तिला कळतं, पण ओठ उघडत नाहीत. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी घाबरू नये, १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मदतवाहिनीच्या नंबरवर २०२२ पासून फुकट बोलता येतं, मराठीतही. केईएम, नायर, सायन इथल्या मानसोपचार विभागांतही नाममात्र पैशांत होतं.

गिरणगावकर

मी निवृत्तीनंतर फोनवरच्या मदतवाहिनीवर स्वयंसेवक म्हणून काम करतो. बोरकूट, तुमच्या जाऊबाई आमच्याच भागातल्या निघाल्या.

माझं घर लालबागचं. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर वडिलांना मी गॅलरीत कठड्याला टेकून उभे असलेले पाहिले. पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करायचे, डबा नसायचा, तरी बाहेर जाऊन उभे राहायचे. आई मसाला कुटायला जायची. आमच्या घरात दुःख असं कधी कुणी म्हटलं नाही. काम आहे किंवा काम नाही, एवढंच.

फोनवर कुणी म्हणालं, "नोकरी गेली, जगावंसं वाटत नाही," की माझं मन पहिल्या वाक्याकडे धावतं. कुठे लागेल, कुणाला सांगता येईल. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलंय की दुसरं वाक्य आधी घ्यायचं. जीव देण्याचा विचार येतोय का, हे सरळ शब्दांत विचारायचं, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घातला जात नाही. मी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी ठेवलंय, कारण माझं घर मला पहिल्या वाक्याकडे ओढतं हे मला माहीत आहे.

पण त्याच घराने मला एक दिलंय. काम गेलेला पुरुष फोनवर गप्प बसतो तेव्हा त्या गप्पपणाची मला भीती वाटत नाही. मी थांबू शकतो. बरोबरीच्या तरुण स्वयंसेवकांना दहा सेकंदांची शांतता जड जाते.

अबोली

गिरणगावकर काका, हा प्रतिसाद माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देऊ का?

गिरणगावकर

द्या की. नाव नको.

निळाकंदील

मी पोलिस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात काम केलंय. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हे सुरू केलं. तिथली शिकवण इथल्या चर्चेपेक्षा वेगळी आहे म्हणून लिहिते.

तिथे तटस्थ राहायचं नसतं. हिंसा चूक आहे, ही भूमिका पहिल्या भेटीतच बोलून दाखवायची असते. तुम्ही काय केलंत म्हणून त्याने मारलं, हा प्रश्न विचारायचाच नाही. बाई परत जायचं ठरवते की वेगळं राहायचं, हा निर्णय तिचा. पण मार खाणं हा "मतभेद" नाही, हे आम्ही ठामपणे म्हणतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानंतर तर त्याला कायद्याचाही आधार आहे.

बाई आम्हाला ताई म्हणतात. "ताई, तुम्हीच सांगा, मी काय करू?" ताई म्हटलं की मोठ्या बहिणीने सांगायचं आणि धाकटीने ऐकायचं, हे दोघींच्याही घरातून आलेलं असतं. तो मान नाकारला तर तिला परकं वाटतं. स्वीकारला तर ती आपल्या सांगण्यावर चालायला लागते. मी ताई राहायचे आणि म्हणायचे, "सांगेन, पण आधी तू काय काय करून बघितलंस ते सगळं सांग." त्या यादीतच बहुतेक वेळा तिचं उत्तर असायचं.

चिंचगूळ

निळाकंदीलताई, तुम्ही मला दहा वर्षांपूर्वी भेटायला हव्या होतात.

तिसरीघंटा

निळाकंदील यांच्या प्रतिसादाने माझा गोंधळ बराच कमी झाला. म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत: घराने दिलेली मूल्यं, व्यवसायाने घेतलेली भूमिका आणि येणाऱ्याची स्वतःची मूल्यं. मी पहिली आणि दुसरी एकच समजत होतो.

अबोली

बरोबर. आणि चौथी गोष्ट संस्थेचीही असते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच लिहिलंय, की जिथे शक्य तिथे कोर्टाने पक्षकारांना तडजोडीला मदत करावी. त्यामुळे तिथल्या समुपदेशकाच्या खुर्चीलाच एक कल असतो, त्यावर कुणीही बसो. चिंचगूळ यांच्या वहीसारखं काही तिथे झालं तर तो त्या व्यक्तीच्या आईचा प्रभाव की खुर्चीचा, हे वेगळं काढावं लागतं.

आणि तुम्ही तंत्राचं म्हणालात म्हणून, तंत्रालाही घर असतं. समोरच्याच्या बिनशर्त स्वीकाराची कल्पना मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स कडक धार्मिक घरात वाढले. पत्ते, नाच, नाटक, दारू सगळं वर्ज्य. बारा वर्षांचे असताना घरचे शेतावर राहायला गेले. धर्मोपदेशक व्हायला निघाले आणि मध्येच मानसशास्त्राकडे वळले. अटींवर प्रेम मिळणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला विनाअट स्वीकार इतका मोलाचा वाटावा, याचं मला नवल वाटत नाही. हा माझा अंदाज, पण तो सोडवत नाही.

कोकणकन्या

मग करायचं काय, हे कुणी सांगेल का? सगळ्यांच्या घरात काही ना काही आहे हे तर झालं.

अबोली

आम्ही करतो ते सांगते. तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढायचा, पण त्यात नुसती नावं नाहीत. प्रत्येकाखाली घरात वारंवार ऐकलेलं एक वाक्य लिहायचं. "लोक काय म्हणतील", "आपल्याला काय कमी आहे", "बायकांनी एवढं हसू नये", "पैसे मोजून झाले की हात धुवा". मग ज्या केसमध्ये आपण अडकलो किंवा फार उत्साहात आलो ती केस घ्यायची आणि बघायचं, यातलं कुठलं वाक्य तिथे चालू होतं. हे एकट्याने होत नाही. सुपरव्हायजर किंवा सहकाऱ्यांचा गट लागतोच. आणि फार उत्साह वाटला तेही तपासायचं, कारण अडकल्याचं लगेच कळतं, पण उत्साह छान वाटतो म्हणून सुटून जातो. बंडखोर मुलगी समोर आली की मला उत्साह येतो. ती केस मी नेहमी गटात नेते.

वहीचे_पान

या गटात सगळे एकाच प्रकारच्या घरांतले असतील तर?

अबोली

तर उपयोग नाही. आमच्या गटात सुरुवातीला दादर-पार्ल्याच्याच बायका होत्या आणि आम्ही एकमेकींना छान छान म्हणत बसायचो. नंतर मुंब्र्याची एक, चेंबूरचा एक, वसईचा एक ख्रिस्ती मराठी मुलगा असे आले. पहिल्याच महिन्यात त्या मुलाने विचारलं, "तुम्ही सगळे आई आजारी म्हटलं की लगेच विषय का सोडून देता?" आमच्यात कुणाला ते दिसलंच नव्हतं.

गच्चीवरची

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@तिसरीघंटा, पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मी मैत्रिणीशी बोलले. ती पाणी देणं सोडणार नाही. फक्त आता बाटली आणि पेला येणाऱ्याच्या हाताशी आधीच भरून ठेवते, ज्याला हवं तेव्हा तो घेईल.

अबोलीताई, कुटुंबवृक्षाचं मी रविवारी करून पाहिलं. आईच्या खाली वाक्य सुचलं, बाबांच्या खाली सुचलं, आजोबांची जागा रिकामी राहिली. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, ते बोलायचेच नाहीत, सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचे." शाळेतली मुलं गप्प बसली की मी त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करते, हे मला सुपरव्हायजरनी मागेच सांगितलं होतं. आता ते कुठून येतं ते कळलं. पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर ठेवणार आहे.

एक विचारायचं होतं: तुमच्या गटात विद्यार्थ्यांना घेता का?

अबोली

दुसऱ्या वर्षापासून घेतो. महिन्यातून एका शनिवारी, संध्याकाळी, माटुंग्याला. केस आणायची ती ओळख पटणार नाही अशी बदलून, आणि तुमच्या संस्थेच्या सुपरव्हायजरना कळवून. व्यक्तिगत निरोप पाठवते. वहीचे_पान, तुम्ही या क्षेत्रात नसलात तरी एकदा बोलायला याल का? जातीबद्दलचा तुमचा प्रतिसाद आम्हाला ऐकायचा आहे, प्रश्न विचारायचे आहेत.

वहीचे_पान

येईन. पण आधी तुम्ही तुमच्या घरांबद्दल बोला, मग मी.

अबोली

मान्य.